जुन्या भिंतीत सिमेंट भरू देऊ नका



गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे, भिंत. आमच्या सिद्धेश्वरच्या जुन्या घरात चैत्यालय आहे. त्याची उत्तरेकडची भिंत भाजक्या विटांची, चुन्यात बांधलेली. विटा अजून खणखणीत आहेत, पण दोन विटांमधला चुना पावसाने धुपून गेला आहे. काही दरजांत बोटाचे पेर आत जाते. आषाढ तोंडावर आला, म्हणून भाऊजी गवंडी घेऊन आले. म्हणाले, “वहिनी, दोन दिवसांत सिमेंटने दरजा भरून घेऊ, वर टाइल लावू, मग पुढे बघायलाच नको.”

मी नाही म्हटले. घरात सगळ्यांना वाटले, ही उगाच अडून बसली. म्हणून आज जे सांगायचे ते सगळ्यांसमोर लिहिते, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या घरचा नाही. मराठवाड्यात आपल्या कितीतरी घरांत आणि मंदिरांत हेच चालले आहे.

आधी आमच्या घरची चूक सांगते. बारा वर्षांपूर्वी मागच्या पडवीच्या भिंतीला आम्ही सिमेंटच भरले होते. दोन पावसाळे भिंत अगदी नवी दिसली. तिसऱ्या हिवाळ्यात विटांवर पांढरा लोणा फुलला. मग रोज सकाळी भिंतीच्या बुडाशी लाल भुकटी पडायला लागली. ती झाडणारी मीच, म्हणून मला माहीत. आधी चिमूटभर असायची, मग सुपलीभर झाली. आज त्या भिंतीत सिमेंटच्या रेघा चौकटीसारख्या बाहेर उभ्या आहेत आणि त्यांच्यामधल्या विटा आत खचल्या आहेत. सिमेंटचे काही बिघडले नाही, वीट मात्र गेली.

असे का होते? भिंत पाणी पितेच. पावसाचे वरून पिते, जमिनीचे खालून ओढते. प्यालेले पाणी वाळून बाहेरही पडावे लागते. चुन्याच्या दरजेला बारीक छिद्रे असतात, ओल तिथून निघून जाते. पाण्याबरोबर येणारा क्षारही दरजेतच साठतो आणि दरजच हळूहळू झिजते. सिमेंटची दरज घट्ट असते. ओलीला तिथून वाट मिळत नाही, मग ती विटेतून निघते. क्षार विटेत साठतो, त्याचे खडे होऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा फोडून काढतात. आपल्याकडच्या जुन्या भट्टीच्या विटा आजच्या सिमेंटपेक्षा मऊ आहेत, त्यांचा तिथे काय निभाव लागणार?

त्यात आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यावरचे घर दरवर्षी केसभर का होईना हलते. चुना थोडा नमतो. त्याला बारीक चीर पडली तरी पाण्यात विरघळलेला चुना तिच्यात पुन्हा बसतो आणि चीर बुजते. सिमेंट नमत नाही, तडकते. त्या तड्यातून पाणी आत शिरते आणि आतच अडकते.

मी कॉमर्सची, म्हणून माझ्या भाषेत सांगते. जुन्या बांधकामात दरज ही घसारा सोसणारी बाजू आहे आणि वीट हे भांडवल. दरज झिजली की नवी भरायची, तो महसुली खर्च. वीट गेली की भिंत उतरवून पुन्हा बांधायची, तो भांडवली खर्च. सिमेंट भरणारे लोक महसुली खर्च वाचवला म्हणून खूश होतात आणि भांडवल बुडवतात. “पुन्हा बघायला नको” असे जिथे सांगतात, तिथे मला लगेच शंका येते. ज्या वस्तूकडे बघायचेच नाही, ती बिघडली हे कळणार कधी?

दशलक्षण पर्वात दुसऱ्या दिवशी आपण उत्तम मार्दव धर्माची पूजा करतो. मार्दव म्हणजे मऊपणा, नमते घेणे. ज्या चैत्यालयात बसून आपण हे म्हणतो, त्याची भिंत पिढ्यान्‌पिढ्या तशाच मऊ दरजेवर उभी आहे. एकाने नमते घेतले म्हणून दुसरा शाबूत राहिला. तिथे ताठर माल भरायचा आणि वर त्याला मजबुती म्हणायचे, हे मला पटत नाही.

आता घरच्यांचे आक्षेप एकेक करून घेते.

पहिला, चुना कच्चा असतो. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली झाले. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून ते निघू लागले १९१४ साली. त्याआधीची पक्की बांधकामे कशावर उभी होती? धाराशिव जिल्ह्यात तेरला त्रिविक्रमाचे मंदिर आहे, विटांचे, मागची बाजू चैत्यासारखी गोल. आज सिमेंटच्या इमारतीला शंभर वर्षे झाली की आपण तिला जुनी म्हणतो. ते मंदिर त्याच्या कितीतरी पट जुने असून उभे आहे. तेर आपल्यालाही परके नाही, करकंडू राजाच्या कथेतले तेरापूर ते हेच, असे अभ्यासक मानतात. आणि पुरातत्त्व खाते जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला आजही चुनाच वापरते. त्यांना सिमेंट परवडत नाही म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप भूकंपाचा, आणि ही भीती खरी आहे. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला आपला हिंगोली जिल्हा हादरला, दोन्ही वेळा ४.५ चा धक्का. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या आठवणीने आपण सगळ्या अंगणात धावलो. पण किल्लारीला पडली ती बहुतेक दगडमातीची जाड घरे, ज्यांच्या डोक्यावर मातीचे जड धाबे होते आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थराला बांधणारे दगड नव्हते. दरजेत इंचभर सिमेंट भरल्याने दीड हात जाडीची भिंत बांधली जात नाही, फक्त तोंडावर रेघ दिसते. भिंत फुगली असेल, कलली असेल, कोपरा सुटला असेल तर इंजिनिअरला दाखवा. तिथे नुसता चुनाही पुरणार नाही, हे मी मान्य करते.

तिसरा आक्षेप, चुन्याचे गवंडी मिळत नाहीत. मिळत नाहीत, कारण आपण काम देत नाही. पण दरजा भरायला मोठी कारागिरी लागत नाही, धीर लागतो. म्हातारे गवंडी अजून आहेत, त्यांच्या हाताखाली एक तरुण द्या. काम आणि शिकवण दोन्ही होईल.

चौथा आक्षेप आपल्या धर्माचा, आणि तो बायकाच काढतात. जुन्या चुन्यात अंडी घालत, रंगात सरस घालत, मग चैत्यालयाला हे चालेल का? नाही चालणार, आणि त्याची गरजही नाही. चुना, वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी, एवढ्यात काम होते. कोणी गूळ आणि बेलफळाचे पाणी घालतात. गुळाला मुंग्या येतात, म्हणून मी तोही टाळेन. गवंड्याला आधीच विचारा, अंडे नाही आणि सरस नाही हे बजावून ठेवा. चुना भाजण्यात आरंभ-हिंसा होते म्हणाल, तर चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजते आणि सिमेंटची भट्टी साधारण १४५० अंशांवर चालते. आरंभाचा हिशेब घालायचाच तर दोन्हीकडचा घालू.

आता काम कसे करून घ्यायचे ते सांगते. पावसाच्या तोंडावर दरजा भरू नका, कोणी कितीही घाई केली तरी. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारल्यावर ती दुधाळ झालेली आठवते ना, तीच ही क्रिया. याला आठवडेच्या आठवडे लागतात. पावसात ताजा चुना धुपतो, वैशाखात एकदम वाळून त्याचा भुगा होतो. चातुर्मास संपला की दिवाळीनंतरचा हिवाळा सगळ्यांत चांगला. तोपर्यंत पन्हाळ दुरुस्त करा, भिंतीच्या बुडाशी साचणारे पाणी काढून द्या. निम्मी ओल तिथेच थांबते.

दरजा उकरण्याआधी प्रत्येक भोक बघून घ्या. चिमणीचे घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत ती जागा सोडा. मुंग्यांची रांग असेल तर तो भाग मागे ठेवा. उकरायला छिन्नी-हातोडी वापरा, ग्राइंडर नको, त्याने विटेच्या कडा कापल्या जातात. दरज जितकी रुंद, त्याच्या दुप्पट तरी खोल उकरायची, धूळ ब्रशने झाडायची आणि भिंत पाणी शिंपडून ओली करायची. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते, डोळ्यात उडाले तर डोळा जातो. मुले लांब ठेवा, गवंड्याला चष्मा द्या आणि खड्ड्यावर झाकण ठेवा, जीव पडायला नकोत. पाणी गाळून घ्या आणि जिवाणी जिथले पाणी तिथे सोडा. चांगला विरलेला एक भाग चुना आणि तीन भाग वाळू-सुरखी हा साधा हिशेब. माल आतपर्यंत दाबून भरायचा, विटेच्या तोंडावर फासायचा नाही. मग आठ-दहा दिवस ओले गोणपाट. आणि वरून ऑइलपेंट किंवा टाइल नको, नाहीतर केलेले सगळे व्यर्थ. चुन्याची सफेदी पुरे.

मी सिमेंटची वैरी नाही. नव्या घराचा स्लॅब, पाण्याची टाकी, तिथे सिमेंटच हवे. जुन्या विटेच्या दरजेत ते नको, एवढेच म्हणणे आहे.

शेवटी मंदिरांबद्दल. जीर्णोद्धाराचे पुण्य नव्या मंदिरापेक्षा मोठे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण बोली लागते ती संगमरवराला, ग्रॅनाइटला आणि नावाच्या पाटीला. दरजेतल्या चुन्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही, म्हणून त्याला देणगी नाही. जुन्या भिंती फरशीखाली झाकायच्या, आत विटा कुजू द्यायच्या आणि वीस वर्षांनी “जीर्ण झाले, पाडा” म्हणायचे. याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. महिला मंडळाच्या वर्गणीत आपला पैसा असतो. तो देताना एवढे विचारा, की भिंतीत काय भरणार आहात? उत्तर सिमेंट आले तर पावती फाडण्याआधी थांबा.

भाऊजी अजून हो म्हणालेले नाहीत. काल मी त्यांना पडवीच्या मागच्या भिंतीशी नेले आणि बुडाची भुकटी सुपलीत भरून हातात दिली. ते काही बोलले नाहीत, पण गवंड्याला फोन करून या आठवड्यात येऊ नको म्हणाले. आज पन्हाळ बदलायला माणूस आला आहे. बाकीचे दिवाळीनंतर.

जय जिनेंद्र.