जिप्समच्या भिंती आणि सीमाभागाचे पाणी

ऑगस्ट 2019 च्या महापुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बेंगळूर वाहतूक ठप्प झाली. बेळगाव जिल्ह्यात त्या वेळी हजारो घरे पडली. त्यांत मातीच्या भिंतींची घरे मोठ्या संख्येने होती. पूर्ण पडलेल्या घरासाठी कर्नाटक सरकारने 5 लाख रुपये जाहीर केले. एवढ्या रकमेत भिंत कशाची उभारावी, या प्रश्नाला आता जिप्सम हे उत्तर पुढे केले जाते. ते तपासून घ्यावे लागेल.

जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असते. सुमारे 150 अंशांवर भाजले की त्यातील बरेचसे पाणी निघून प्लास्टर तयार होते. पाणी मिसळताच ते पुन्हा घट्ट होते. आग लागल्यास आतील पाण्याची वाफ होत राहते, म्हणून भिंत काही काळ तग धरते. काचतंतू मिसळून केलेले 124 मिलिमीटर जाडीचे पोकळ फलक दर चौरस मीटरला जेमतेम 44 किलो भरतात. नऊ इंची विटांची भिंत चारशेच्या पुढे जाते. आयआयटी मद्रासने 2013 मध्ये अशा फलकांची दुमजली इमारत उभारून दाखवली. खतनिर्मितीत साचणारे फॉस्फोजिप्सम वापरून हे फलक बनवण्याचे कारखाने ट्रॉम्बे व कोची येथे उभारले गेले.

मात्र हलकेपणा हा सर्वत्र गुण ठरत नाही. निपाणी-चिकोडीची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फुगणारी माती जड घरापेक्षा हलके घर अधिक सहज उचलते. तेथे पायाचा खर्च वाचेल, ही आशा फोल आहे. दुसरा धोका पाण्याचा. साधे जिप्सम भिजले की मऊ पडते. जलरोधक द्रव्ये घातलेले फलक बरे टिकतात, पण पूररेषेखाली जोत्यापर्यंत दगड किंवा काँक्रीटच हवे. खानापूरच्या पावसात आणि आपल्या गोव्याच्या दमट हवेतही बाहेरच्या भिंतींना चिऱ्याचाच आधार बरा. जिप्समने आतील भिंती व छत सांभाळावे.

पुरवठ्याचेही गणित बदलले आहे. औष्णिक प्रकल्पांच्या धुरातील गंधक चुनखडीने शोषले की कृत्रिम जिप्सम मिळते. 2015 च्या नियमांमुळे त्याचा मोठा साठा निर्माण होईल, असा हिशेब होता. जुलै 2025 मध्ये केंद्राने बहुतेक प्रकल्पांना त्या यंत्रणेतून सूट दिली. बारा मीटर लांबीचा फलक कोचीहून निपाणीला आणायचा तर वाहतूक आणि क्रेन यांतच स्वस्ताई विरते.

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे. पूरग्रस्तांच्या घरांत हे फलक वापरण्याआधी निपाणीच्या काळ्या जमिनीवर एक खोली उभारून तिला दोन पावसाळे दाखवणे या विद्यापीठाला अवघड नाही.