पौंडांची हौस

जरा चिडूनच लिहितोय.

परवा आतेभावाचा फोन आला. (नाव घेत नाही, निम्मे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात.) त्याने चिरंजीवांसाठी कंपाउंड धनुष्य मागवलंय. वय वर्षं चौदा. "सत्तर पौंडी आहे बरं का, खास शिकारीचं. तुमच्या चंद्रपूरला घेऊन येतो, जंगल तिथेच आहे ना!"

आधी या जंगलाचं सांगतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, हाकारा करून जनावर उठवणंही त्यात येतं. ताडोबा असो की गडचिरोलीतलं कुठलं रान, पाहुण्याला बाण सोडायला तिथे जागा नाही. रानडुकरं पीक खातात हे खरं, पण त्याची वाट फॉरेस्ट खात्याच्या परवानगीतून जाते, पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या डिकीतून नाही. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला धनुष्य किमान इतक्या पौंडांचं हवं असे नियम अनेक राज्यांत आहेत. ते जनावर तडफडत राहू नये म्हणून. इथे आपल्यासमोर कागद असणार. कागदाला भोक पाडायला सत्तर पौंड म्हणजे जवळजवळ ३२ किलोचा ताण कशाला रे बाबा?

स्पर्धेत तर कंपाउंडला ६० पौंडांच्या वर परवानगीच नाही. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनमध्ये जागतिक अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले, ते याच मर्यादेत, ५० मीटरवरून. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तुझ्या पोट्ट्याला या दोघांपेक्षा दहा पौंड जास्त हवेत?

खरी गोम कंपाउंडच्या चाकांत आहे. दोरी ओढताना मध्ये एकदा पूर्ण ताण येतो आणि शेवटी चाकं फिरली की एकदम हलकं वाटतं. ८० टक्के सूट असेल तर ५० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १० पौंड. म्हणून दुकानात सगळ्यांना वाटतं, अरे, हे तर सहज पेलतंय! पण तो मधला डोंगर प्रत्येक बाणाला चढावा लागतो, आणि स्पर्धेच्या पात्रता फेरीत बाण असतात ७२.

हे मला कुठून कळलं? मीच हा मूर्खपणा केलाय. दोन वर्षांपूर्वी लेकीला, ती तेव्हा बारा वर्षांची, ओळखीतून एक जुनं धनुष्य घेतलं. बोल्ट सोडता येतील तेवढे सोडूनही ताण ४० पौंडांच्या खाली येईना. "वाढत्या अंगाचं घेतलेलं बरं," असं मीच म्हणालो, जणू शाळेचा युनिफॉर्म! दोरी ओढताना ती बाण आभाळाकडे करायची, कंबर मागे टाकायची. मला वाटायचं, सवय होईल. दुखतंय हे तिने महिनाभर सांगितलं नाही, कारण बाबांनी हौसेने आणलं होतं. मग एक दिवस वेणी घालायला हात वर जाईना. खांद्याला चार महिने विश्रांती. तिची जिल्ह्याची स्पर्धा हुकली ती हुकलीच.

नंतर भेटलेल्या कोचने पहिल्या दिवशी तिला खुर्चीवर बसवलं, पाय सरळ पुढे, जमिनीपासून उचललेले. "आता समोर धरून ओढ. वर न्यायचं नाही." जमलं तर अर्धा मिनिट धरून सावकाश परत सोडायचं. हात थरथरला की पौंड कमी. संपली परीक्षा.

गंमत म्हणजे आपल्याच भामरागडकडे माडियांचा तिरकमठा बघा. बांबूचा, दोरीही बऱ्याचदा बांबूच्याच कामटीची. त्यावर कुठे आकडा लिहिलेला नसतो. पोराच्या हातात पोराच्या मापाचा असतो. आणि आपण शिकलेसवरलेले, आकडा वाचूनच छाती फुगवतो. ('पण बाणाला वेग मिळतो ना' म्हणणाऱ्यांसाठी: मिळतो. चुकलेला बाणही वेगाने जातो.)

लेक सध्या २८ पौंडांवर आहे. काल ७२ बाण मारून आली आणि जेवताना उजव्याच हाताने कढीचं पातेलं उचललं. आम्ही दोघं नवरा-बायको बघत बसलो.

दादा, चिडू नकोस. खोका अजून फोडला नसशील तर परत पाठव. फोडला असशील तर निदान बाण न लावता दोरी ओढून सोडू देऊ नकोस, पाती तडकतात. आणि पोराला घेऊन ये, खुर्ची आमच्याकडे आहे.