दादांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे जेवण



यंदा गड्ड्याची यात्रा उलगली आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या थोरल्या बंधूंचे सहस्रचंद्रदर्शन झाले. हजार पौर्णिमा पाहायला माणसाला ऐंशी वर्षे आणि जवळजवळ दहा महिने लागतात. दादांनी त्या पाहिल्या. धार्मिक विधी घरी झाला, आप्तेष्ट जेवून गेले, आणि रात्री ओसरीवर बसलेली असताना त्यांच्या नातीने विषय काढला. ही मुलगी तीन वर्षे जपानमध्ये ओसाका शहरात नोकरी करते. ती म्हणाली, ‘‘आत्याआजी, आबांना एकदा मला सुशी खायला न्यायचंय. चांगल्या ठिकाणी. माझ्या पगारातून.’’

मी डॉक्टर. चाळीस वर्षे सोलापुरात रुग्ण तपासले. माझ्या तोंडून पहिला शब्द गेला तो ‘नको’. दादांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ते रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी घेतात, वरची कवळी आहे. कच्चा मासा, खारट रस, चिकट भात. यांतले कोणते त्यांना चालणार? मी हे सारे बोलून दाखवले. दादा ऐकत होते. माझे संपल्यावर म्हणाले, ‘‘झालं तुझं? आता मला विचार की.’’

मग त्यांनी जे सांगितले ते मला अनपेक्षित होते. ‘‘मला सुशीचं काही नाही. पोर तिकडं रोज संध्याकाळी एकटी बसून काय जेवते, ते एकदा तिच्या शेजारी बसून बघायचंय. फोनवर ती नावं सांगते, मी ‘बरं बरं’ म्हणतो.’’

आपण काळजी घेणारी माणसे वयस्कर माणसाच्या ताटातले पदार्थ मोजतो, आणि त्या ताटावर बसण्याचे त्याचे कारण विचारायचे राहून जाते. माझे तसेच झाले होते. तेव्हा प्रश्न ‘जावे की नाही’ हा उरला नाही. कुठे जावे, केव्हा जावे आणि तेथे काय मागवावे, एवढाच उरला. हा सारा शोध येथे मांडते. कारण परदेशी राहणारी मुले-नातवंडे आता घरोघरी आहेत आणि असा हट्ट कोणत्याही घरात निघू शकतो.

नातीच्या यादीत पहिले नाव होते मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलातील ‘वसाबी बाय मोरिमोतो’. जपानी आचारी मासाहारू मोरिमोतो यांच्या नावाचे हे उपाहारगृह २००४ साली सुरू झाले आणि उंची जपानी जेवण म्हटले की मुंबईत त्याचे नाव निघते. पण सोलापूरहून मुंबई म्हणजे वंदे भारत गाडीनेही साडेसहा तास. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने साडेसहा तास बसून यायचे, त्यात पाय सुजायचे, लघवीच्या भीतीने पाणी कमी प्यायचे आणि मग रात्री नऊला जेवायचे, हे मला मान्य नव्हते. पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस चार तासांत पुण्याला पोहोचवते. पुण्यात जपानी कंपन्यांमुळे जपानी माणसांची ये-जा आहे, आणि त्यांच्यासाठी चाललेली उपाहारगृहेही आहेत. पुणे ठरले. तेही आदल्या दिवशी जाऊन, भाच्याकडे मुक्काम करून.

आता उपाहारगृह कसे निवडले ते सांगते. दोन ठिकाणी दूरध्वनी केला. मी एकच प्रश्न विचारला : कच्चा वाढायचा मासा तुम्ही आधी किती थंडीत आणि किती दिवस गोठवता? पहिल्या ठिकाणचे उत्तर होते, ‘‘मॅडम, आमच्याकडे सगळं एकदम फ्रेश असतं.’’ हे उत्तर ऐकले की तेथे जाऊ नये, असे माझे मत आहे. कच्च्या माशात अ‍ॅनिसाकिस नावाची बारीक जंतासारखी अळी असू शकते. ती मारण्यासाठी मासा उणे वीस अंशांखाली सात दिवस ठेवावा लागतो, किंवा उणे पस्तीस अंशांना गोठवून त्याच तापमानात पंधरा तास. म्हणजे सुशीसाठी ‘ताजा, कधीच न गोठवलेला’ हे बहुतेक माशांच्या बाबतीत भूषण नव्हे. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी थांबायला सांगितले, आत जाऊन मुख्य आचाऱ्यांना विचारले आणि अंश व दिवस नेमके सांगितले. वर आपणहून विचारले, ‘‘आजोबांचं वय काय? मग आम्ही शिजवलेले प्रकार सुचवू.’’ तेथेच जागा राखून ठेवली. नाव मुद्दाम लिहीत नाही. हे सदर जाहिरातीचे नाही.

गोठवण्याने अळी मरते, पण सगळेच मरत नाही, हे ध्यानात असू द्यावे. लिस्टेरिया नावाचा जिवाणू गोठवण्याला दाद देत नाही, फ्रिजच्या थंडीत तर तो हळूहळू वाढतोही. तरुण, धडधाकट माणसाला त्याचा बहुधा त्रास होत नाही. पासष्ट वर्षांपुढील माणसे, गर्भवती स्त्रिया, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, यांच्यात मात्र तो रक्तात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून या साऱ्यांनी कच्चा मासा टाळावा. ट्यूना, बांगडा, सुरमई या जातींचे मासे उन्हात किंवा अपुऱ्या बर्फात राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते. ते गोठवून जात नाही आणि तळूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे दिसली तर ‘उष्ण पडलं’ म्हणून बसू नये, डॉक्टरांकडे जावे. समुद्रापासून इतक्या दूरच्या आपल्या गावात हे ठाऊक असलेले बरे.

एक गोष्ट मात्र अगदी ठणकावून सांगते. इंटरनेटवर पाहून घरी सुशी करण्याची हौस हल्ली तरुण मुलांत दिसते. भात, काकडी, शिजवलेली कोळंबी घेऊन जरूर करावी. पण उजनीचा मासा कितीही ताजा, कितीही चमकदार असला तरी कच्चा खाऊ नये. गोड्या पाण्यातील माशांमधून यकृतात आणि आतड्यांत शिरणारे परजीवी येऊ शकतात. खुद्द जपानमध्येही सामन मासा पूर्वी कच्चा खात नसत, परजीवींच्याच भीतीने. आज जगभर सुशीवर दिसणारा तो नारिंगी तुकडा १९८० च्या दशकात नॉर्वेच्या मासे-व्यापाऱ्यांनी जपानला खायला शिकवला. त्यांचा सामन समुद्रातल्या जाळ्यांत, ठरावीक खाद्यावर पाळलेला होता.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा आपला समजही अपुरा आहे. सुशीचा प्राण भात. पूर्वी मासा टिकावा म्हणून तो भातात महिनोन्‌महिने आंबवत असत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, शिरका घातलेल्या भाताच्या मुटक्यावर माशाची चकती ठेवून लगेच खायला देण्याची रीत रुळली. म्हणजे हे मुळात रस्त्यावरचे, घाईत खायचे खाणे होते. तो भात शिरका, साखर आणि मीठ घालून कालवलेला असतो. शिरक्याच्या आंबटपणाने जिवाणूंना आळा बसतो, हा त्याचा गुण. पांढऱ्या, चिकट, साखर घातलेल्या भाताने रक्तातील साखर झपाट्याने चढते, हा त्याचा दोष. सहा-आठ मुटके सहज पोटात जातात आणि एवढा भात खाल्ला हे कळतही नाही. दादांसाठी आम्ही चार तुकडे ठरवले. बाकी पोट अंड्याचे वाफवलेले मऊ कस्टर्ड, टोफू आणि भाज्या यांनी भरायचे.

मधुमेहींसाठी याहून महत्त्वाचे आहे ते वेळेचे. अशा उंची ठिकाणी जेवण हळूहळू, एकेक पदार्थ करीत येते. ‘ओमाकासे’ नावाचा एक थाट आहे. त्यात काय वाढायचे ते आचारीच ठरवतो आणि बैठक दोन-दोन तास चालते. पथ्य असलेल्या माणसाला तो अजिबात योग्य नाही, कारण निवड आपल्या हाती राहत नाही. दादा ग्लिमेपिराइड घेतात. ती गोळी घरून निघताना घेतली, वाटेत गर्दी लागली आणि जेवण तासाभराने आले, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून अशी गोळी किंवा जेवणाआधीचे इन्सुलिन बरोबर न्यावे आणि जेवण टेबलावर येत आहे हे पाहूनच घ्यावे. पर्समध्ये साखरेची पुडी असावी. आणि रात्रीऐवजी दुपार निवडावी. दुपारी उजेड असतो, गोंगाट कमी असतो, कमी ऐकू येणाऱ्यालाही बोलणे कळते आणि तब्येत बिघडलीच तर डॉक्टर भेटतात.

मिठाबद्दल नातीशी माझा थोडा वादच झाला. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी पाच ग्रॅमांपेक्षा कमी मीठ सांगते. ‘कमी मिठाचा’ म्हणून मिळणाराही काही निर्दोष नव्हे, त्यातही निम्म्याहून अधिक मीठ उरतेच. मिसोचे सूप वेगळेच. शेवटी तह झाला : भात बुडवायचा नाही, वरचा पदार्थ टोकाला लागेल इतकाच लावायचा, आणि सूप चार घोट. शाकाहारी वाचकांनी एवढे जाणून घ्यावे की त्या सुपाचा आणि बहुतेक जपानी रश्श्यांचा आधार ‘दाशी’ असतो आणि तो सुकवलेल्या माशाच्या कापांपासून करतात. वर तरंगणारे टोफू पाहून फसू नये, विचारावे.

वॉरफॅरिन घेणाऱ्यांसाठी : आंबवलेल्या सोयाबीनचा ‘नात्तो’ हा तारेचा पदार्थ पूर्ण वर्ज्य. त्यातील के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम पार घालवते. समुद्रशेवाळाचे दोन-चार पातळ पदर चालतात, वाडगाभर शेवाळाची कोशिंबीर नको. तेच काळसर पदर कवळीला आणि टाळूला चिकटतात, म्हणून गिळायला त्रास होणाऱ्यांनी ते काढूनच खावे. पक्षाघातानंतर ठसका लागत असेल तर मोची हा तांदळाचा चिकट गोड पदार्थ चाखूसुद्धा नये. जपानमध्ये दर नववर्षाला तो घशात अडकून वृद्ध माणसे दगावतात, आणि तेथील अग्निशमन दल दरवर्षी तशी सूचना काढते. आपल्याकडे तो आइस्क्रीम भरून मिळतो, त्यामुळे निरुपद्रवी वाटतो.

आणि ती हिरवी गोळी, वसाबी. २०१९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात इस्रायलमधील साठ वर्षांच्या बाईंची हकीकत आली होती. लग्नाच्या जेवणात त्यांनी ती अ‍ॅव्होकॅडो समजून चमचाभर खाल्ली आणि छातीत दुखू लागून हृदयाचा स्नायू काही काळ कमजोर झाला. त्या बऱ्या झाल्या. आपल्या शेंगाचटणीवर वाढलेल्या जिभांना वाटते, तिखटाचे आम्हाला काय! पण हे तिखट जिभेला लागत नाही, नाकातून डोक्यात जाते.

त्या दुपारी जिन्याच्या दोनच पायऱ्या होत्या, खुर्च्यांना हात होते, प्रसाधनगृह जवळ होते. नातीने हे आधी स्वतः जाऊन पाहिले होते. दादांपुढे उकडलेली कोळंबी ठेवलेले मुटके, अंड्याच्या घडीचा एक आणि काकडीचा एक तुकडा आला. चॉपस्टिक पाहून ते जरा संकोचले. तेव्हा आचारी स्वतः येऊन म्हणाले, सुशी हाताने खाण्याची रीत तिकडेही आहे. दादांचा चेहरा खुलला. हात धुऊन आले आणि पाचही बोटांनी, सावकाश, एकेक तुकडा खाल्ला.

नातीच्या ताटलीत कच्च्या सामनचा तुकडा होता. त्याच्याकडे बोट करून त्यांनी मला विचारले, ‘‘हा खाल्ला तर नेमकं काय होईल?’’ मी खरे ते सांगितले : बहुधा काहीच होणार नाही, झाले तर या वयात गंभीर होईल. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘नको. ही परत गेल्यावर तिकडं बसून घोर लावून घेईल.’’ मी त्यांना मना केले नव्हते, हे मुद्दाम नोंदवते.

जेवणानंतर दोन तास विश्रांती घेऊन आम्ही संध्याकाळी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलो. ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेले आहे. तेथे बाकावर बसून नातीने आबांना तिच्या खोलीतली शेगडी केवढी, भात कशात लावते, उशीर झाला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून काय आणते, ते सारे सांगितले. त्यांनी विचारले, ‘‘आणि रविवारी?’’ रविवारी ती भाकरी करते म्हणे. पीठ इथूनच जाते, पण भाकरी फुगत नाही. दादांनी पाण्याचा अंदाज विचारला आणि चूक तिथेच असल्याचे सांगितले : ज्वारीच्या पिठाला उकळीचे पाणी हवे, ती कोमट घेत होती.

दहा दिवसांनी दादांची रक्ताची तपासणी केली. वॉरफॅरिनचे प्रमाण होते तिथेच होते. जाताना मुलीने मिसोची दोन पाकिटे ठेवली आहेत. ती सध्या माझ्या कपाटात आहेत. दादा अधूनमधून त्यांची चौकशी करतात.