‘चांगला निकाल’ कुणाच्या मोजपट्टीने?

मेंदूतील रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटला की तो बंद करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. कवटी उघडून फुग्याच्या तोंडाशी क्लिप लावायची, किंवा मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात धातूच्या कॉइल भरायच्या. यातले बरे कोणते, हे तपासणारी सर्वात गाजलेली चाचणी म्हणजे ‘आयसॅट’. एकूण २,१४३ रुग्ण, बहुतेक ब्रिटनमधले. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेले रुग्ण क्लिपच्या गटात ३०.६ टक्के, कॉइलच्या गटात २३.७ टक्के.

हा फरक मोठा आहे, तो कुणी नाकारत नाही. माझा प्रश्न उरलेल्यांबद्दल आहे. त्यांना ‘यशस्वी’ कुणी ठरवले?

रँकिन मोजपट्टीने. तिच्यात शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. शून्य ते दोनपर्यंतचा रुग्ण या चाचणीत स्वावलंबी धरला गेला. आता दोन म्हणजे काय ते पाहा : पूर्वीची सगळी कामे जमत नाहीत, पण स्वतःचे स्वतः करता येते. म्हणजे माणूस जेवतो, आंघोळ करतो. पण विटांची पाटी घेऊन परांचीवर चढू शकत नाही. सांगितलेले विसरतो, दुपारीच थकून आडवा होतो. नाक्यावरून मुकादम अशा माणसाला कामावर नेईल काय? कागदावर मात्र तो बरा झालेला असतो!

ब्रिटनमध्ये अशा माणसामागे सरकारी भत्ता तरी आहे. आपल्याकडे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अदारकरांकडे दिले गेले. त्यातून आलेल्या १९४८ च्या राज्य विमा कायद्यात उपचाराबरोबर बुडालेल्या मजुरीचाही विचार होता. (हे श्रेय देताना अनेकांची जीभ अडखळते, ते असो.) पण नाक्यावरचा मजूर, ऊसतोड कामगार, घरकाम करणारी बाई त्या कायद्याबाहेरच राहिली. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्याचे बिल भरते, बुडालेली मजुरी नाही.

आणि ही झाली दवाखान्यात जिवंत पोचलेल्यांची गोष्ट. फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. ज्याचे तेवढे तास न्यूरोसर्जन असलेले शहर गाठण्यातच गेले, तो कोणत्याही टक्केवारीत येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने रुग्णालयांनी विचारावे : आधी काय काम करत होता, आज काय करता, आणि तुम्हाला सांभाळण्यासाठी घरातल्या कुणाची शाळा किंवा काम सुटले? त्या फॉर्मवर जात आणि धंदा हे दोन रकानेही हवेत.