चोरदिंडीचा हट्ट

ब्रिटिश सरकारने आपल्याच नागरिकांना उघडे पाडले आहे. आयक्लाउडची सर्वांत भक्कम सुरक्षा, ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’, ॲपलने २१ फेब्रुवारी २०२५ रोजी ब्रिटनमधून काढून घेतली. नव्या ग्राहकाला ती मिळेनाशी झाली, जुन्याला बंद करावी लागेल असे सांगण्यात आले. कंपनीला बोल लावून भागणार नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात कंपन्यांना कुलूपबंद माहिती उघडून द्यायला लावणाऱ्या गुप्त नोटिशीची सोय आहे आणि ती मिळाल्याचे सांगणेही कंपनीला मना आहे. नोटीस बजावली का, यावर लंडनचे गृहखाते तेव्हा ना होय म्हणाले ना नाही. कोट्यवधी लोकांच्या कुलपांचा निर्णय असा बंद खोलीत होतो, हे संतापजनक आहे.

गृहखात्याला एवढे काय सलत होते? आज जगभर वापरली जाणारी ‘एईएस’ ही कूटबद्धतेची पद्धत २००१ पासून अमेरिकेचे अधिकृत मानक आहे. तिची कृती कुणालाही वाचता येते. गुप्त असते ती फक्त किल्ली. किल्ली नसेल तर हाती लागतो अर्थहीन आकड्यांचा ढीग. १९९८ मध्ये ५६ बिटांची जुनी ‘डीईएस’ किल्ली एका खास यंत्राने तीन दिवसांच्या आत शोधून काढली. पण किल्लीत एक बिट वाढला की शोधणाऱ्याचे काम दुप्पट होते. १२८ बिटांच्या किल्लीचे पर्याय मोजायला ३९ आकडी संख्या लागते. म्हणून शहाणा चोर गणिताशी झुंजत नाही, किल्ली कुठे ठेवली आहे ते पाहतो. साध्या आयक्लाउडमध्ये बहुतेक माहितीची किल्ली ॲपलकडे असते आणि वॉरंट आले की कुलूप उघडते. काढून घेतलेल्या सुरक्षेत ती फक्त ग्राहकाच्या उपकरणांत राहत होती. ॲपलला स्वतःलाही ते कुलूप उघडता येत नव्हते. खुपत होते ते हेच.

आपल्या गडांनाही चोरदिंड्या होत्या. अशा चोरवाटेचा पत्ता शत्रूला लागला की महादरवाजाची बुलंदी वाया जाई. ‘फक्त सरकारसाठी’ दिंडी असे काही नसते. ग्रीसमध्ये २००४-०५ साली टेलिफोन यंत्रणेतील कायदेशीर टेहळणीचीच सोय वापरून घुसखोरांनी पंतप्रधान करामानलिस यांच्यासह शंभरहून अधिक फोन ऐकले. अमेरिकेच्या दूरसंचार कंपन्यांत शिरलेले चिनी हॅकर न्यायालयीन आदेशाने फोन ऐकण्याच्या यंत्रणेपर्यंत पोहोचले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच अधिकाऱ्यांनी लोकांना कूटबद्ध संदेशसेवा वापरा म्हणून सांगितले. खुद्द ब्रिटनने तरी २०१७ आठवावे. अमेरिकी हेरसंस्थेने जपून ठेवलेले संगणकात घुसण्याचे हत्यार बाहेर फुटले, त्यातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू आला आणि ब्रिटिश रुग्णालयांतल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या. सरकारी तिजोरीतली किल्लीही चोरीला जाते, हे याहून महाग कसे शिकायचे?

दहशतवादी आणि बालकांचे शोषण करणारे याच कुलपाआड लपतात, हे खरे. पण संशयिताला पासवर्ड सांगायला भाग पाडणारा कायदा ब्रिटनने २००० मध्येच केला आहे. एका संशयितासाठी सगळ्या देशाची कुलपे कमकुवत करणे हा तपास नव्हे.

दिल्लीला लंडनचे हे उदाहरण गोड वाटेल, हीच भीती आहे. संदेश सर्वप्रथम कुणी धाडला ते शोधून द्या, असे आपल्या २०२१ च्या आयटी नियमांत लिहिलेच आहे. कूटबद्धता मोडायला लावलीत तर भारत सोडू, असे व्हॉट्सॲपने एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात सांगितले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे. बातमीदाराला कागद देणारा कारकून, वकिलाशी बोलणारी पीडिता, फोनवरून पैसे पाठवणारा दुकानदार, सगळे याच कुलपाच्या भरवशावर आहेत. लंडनने आपली मागणी सोडावी आणि दिल्लीने २०२१ चा तो नियम रद्द करावा.