सध्या काय वाचता आहात?

वृद्ध व्यक्तीला दिवसभरात घरात जे प्रश्न विचारले जातात, ते वाचकहो, आपण एकदा मोजून पाहावेत. गोळी घेतली का? पोट साफ झाले का? रात्री झोप लागली का? हे सारे प्रश्न काळजीपोटीच येतात आणि ते विचारलेही पाहिजेत. परंतु त्यांतील प्रत्येक प्रश्न शरीराविषयी असतो आणि त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपते. ज्यांनी आयुष्यभर कचेरी सांभाळली, शाळेत शिकवले किंवा मोठ्या कुटुंबाचा संसार ओढला, त्यांना 'याविषयी आपले मत काय?' असे विचारणारे मात्र कोणी उरत नाही. मत विचारणे थांबले की माणूस ते सांगणेही हळूहळू सोडून देतो. मग घरातले म्हणू लागतात, 'हल्ली ते फारसे बोलत नाहीत.'

हे मौन मोडण्याचा एक सोपा आणि बिनखर्चाचा मार्ग आहे, तो म्हणजे हाती असलेल्या पुस्तकाविषयी बोलणे. पुस्तक वाचून संपलेले नसावे, चालू असावे. संपलेल्या पुस्तकाविषयी बोलायचे तर सगळे लक्षात असावे लागते आणि बोलण्याला परीक्षेचे रूप येते. चालू पुस्तकाविषयीचे मत कच्चे असते. ते उद्या बदलले तरी कोणी नावे ठेवत नाही. उतारवयात पात्रांची नावे चटकन ओठांवर येत नाहीत. शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली समज मात्र सहसा पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणून 'त्या मुलाचे नाव काय होते?' असे न विचारता 'तो मुलगा वागला ते तुम्हाला पटले का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नात स्मरणशक्तीची तपासणी आहे, तर दुसऱ्यात अनुभवाचा मान आहे.

उदाहरणादाखल लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घ्या. 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका स्त्रीने लिहिले आहे. त्यातील प्रसंग छोटे आणि बोलके असल्यामुळे दिवसाला चार पाने वाचली तरी रस टिकतो. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये पत्नीला विश्वासात न घेता ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने 1900 मध्ये त्यांनी तोच मार्ग पत्करला. हा भाग वाचणाऱ्या आजींना विचारून पाहावे, 'टिळकांनी हे योग्य केले का? तुम्ही लक्ष्मीबाईंच्या जागी असता तर परत गेला असता का?' ज्या पिढीतील स्त्रियांच्या आयुष्याचे मोठे निर्णय पुष्कळदा दुसऱ्यांनीच घेतले, त्या पिढीतील आजींपाशी या प्रश्नाचे उत्तर तयार असते. ते आजवर कोणी मागितलेले नसते, एवढेच.

मतभेदाचेही भय बाळगू नये. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' 1990 मध्ये आले, तेव्हा त्यातील स्पष्टवक्तेपणा काहींना भावला, तर पु. लं.च्या अनेक चाहत्यांना तो रुचला नाही. आजही एकाच घरात त्यावर दोन पक्ष पडू शकतात आणि तसे पडावेतही. आजोबांचे म्हणणे 'असेल, असेल' म्हणून सोडून देण्यापेक्षा 'मला तसे वाटत नाही, कारण...' असे म्हणण्यात त्यांचा अधिक आदर आहे. गावाकडे वाढलेल्या वडीलधाऱ्यांसाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहे. 1955 ची ही कादंबरी आकाराने लहान आहे. दुष्काळाने गाव उठते, तिथपर्यंत वाचन पोहोचले की ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या गावाची हकिकत बहुधा आपोआप सुरू होते. बोलणे पुस्तकापासून दूर गेले तरी त्याला पुन्हा ओढून आणू नये.

मात्र वाचन आधी शरीराला सोसले पाहिजे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या तुलनेने सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. त्यामुळे तरुणांना पुरेसा वाटणारा छताचा दिवा वृद्धांना अपुरा पडतो. खांद्यामागून, बाजूने पानावर प्रकाश पडेल असा वेगळा दिवा ठेवावा. तो डोळ्यांवर येऊ नये. जाड पुस्तकाने मनगट दुखत असेल, तर ते मांडीवरच्या उशीवर टेकवावे. ऐकू कमी येत असेल, तर समोर बसून, चेहरा दिसेल अशा रीतीने, सावकाश बोलावे; मोठ्याने ओरडू नये. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे. मधल्या शांततेत शब्दाचा शोध चालू असतो. तो शब्द आपण घाईने पुरवला की बोलणाऱ्याचा हिरमोड होतो.

नियमित वाचणाऱ्या व्यक्तीने अचानक पुस्तक बाजूला ठेवले, तर 'आता वय झाले' असे म्हणून गप्प बसू नये. चष्म्याचा नंबर बदललेला असू शकतो किंवा मोतीबिंदू वाढलेला असू शकतो, आणि त्यावर शस्त्रक्रियेचा खात्रीचा इलाज आहे. सरळ ओळी वाकड्या दिसू लागल्या, डोळ्यांपुढे एकाएकी पडदा आला किंवा विजेसारखे लखलखू लागले, तर विनाविलंब नेत्रतज्ज्ञांना गाठावे. डोळे ठीक असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ वाचनात, जेवणात, माणसांत कशातच मन लागत नसेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. एखाद्या औषधाचाही तो परिणाम असू शकतो. डॉक्टरांना ही गोष्ट अवश्य सांगावी. रोज पुस्तकाची विचारपूस होत असेल, तर असा बदल लवकर ध्यानात येतो.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ओळखीच्या पुस्तकातील एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. कालचेच मत त्या आज पुन्हा सांगतील, तर ते प्रथमच ऐकतो आहोत अशा भावाने ऐकावे. एकट्या राहणाऱ्यांनी एखाद्या स्नेह्याशी आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर पुस्तकाविषयी बोलण्याची वेळ ठरवावी. गावातील ग्रंथालयाचा रस्ताही विसरू नये. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि मुंबईचे 1898 पासून वाचकांसाठी उभे आहे. तेथील पुस्तके बदलण्याच्या खिडकीपाशी अनोळखी माणसेही 'हे कसे आहे हो?' असे सहज विचारतात.

शेवटी एक विनंती शुश्रूषा करणाऱ्यांना. ही विचारपूस एकतर्फी ठेवू नका. आपणही काही वाचत असाल, मग ते एखाद्या दिवाळी अंकातील कथेची चार पाने का असेनात, त्याविषयी सासूबाईंना किंवा वडिलांना सांगा आणि त्यांचा सल्ला घ्या, 'पुढे वाचू की सोडून देऊ?' औषधाच्या वेळापत्रकात तुम्ही देणारे असता आणि ते घेणारे. पुस्तकाविषयी बोलताना दोघेही बरोबरीने बसलेले असता. तुमच्याही थकलेल्या दिवसाला तेवढाच विसावा मिळतो.

येत्या पंधरवड्यात एवढेच करून पाहावे. संध्याकाळच्या चहाच्या वेळी, गोळीचा विषय निघण्याआधी, 'सध्या काय वाचता आहात आणि कसे वाटते आहे?' असे विचारावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तिथेच बसावे.