वादळ शमल्यावरची भीती

गालील समुद्र म्हणजे खरे तर गोड्या पाण्याचे सरोवर. समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली, भोवती डोंगर. वरची थंड हवा दऱ्यांतून अचानक खाली उतरते आणि शांत पाणी घटकेत खवळते. शिष्यांपैकी काही जण याच पाण्यावर वाढलेले कोळी. उगाच घाबरणारे नव्हेत. तरी त्या संध्याकाळी मचवा पाण्याने भरू लागला, आणि येशू उशीवर झोपलेला! मार्क सांगतो (अध्याय ४), वारा पडल्यावर त्यांना मोठे भय वाटले. मला हे फार खरे वाटते. लाटांची ताकद त्यांना ठाऊक होती. लाटांना गप्प करणारा आपल्याच मचव्यात आहे, हे नवे होते. आणि प्रार्थनेचे सुंदर शब्द? ते त्यांच्यापाशी नव्हतेच. आम्ही बुडतोय आणि तुला काहीच वाटत नाही, अशी तक्रार करतच त्यांनी त्याला जागे केले. तो उठला.